फेरोइलेक्ट्रिक द्रवस्फटिकांत साखळीची लांबी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेरोइलेक्ट्रिक द्रवस्फटिक म्हणजे काय, थोडक्यात सांगाल?

काडीसारखे लांबट रेणू थरांत उभे राहतात आणि वाऱ्याने लवलेल्या ज्वारीसारखे सगळे एकाच अंगाला कलतात. या अवस्थेला स्मेक्टिक-सी म्हणतात. रेणू किरल असेल, म्हणजे आपल्या आरशातल्या प्रतिमेवर तो बसत नसेल, तर कलण्याच्या दिशेला काटकोनात एक विद्युत ध्रुवण आपोआप उभे राहते. हीच स्मेक्टिक-सी* अवस्था. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मेयर यांनी १९७५ मध्ये हा युक्तिवाद मांडला. फ्रान्समध्ये ओर्से इथे तयार झालेल्या डीओबीएएमबीसी या संयुगावर तो खरा ठरला. १९८० मध्ये क्लार्क आणि लागरवाल यांनी हा पदार्थ दोन मायक्रॉनच्या आसपासच्या फटीत भरून त्याचा सर्पिल पेच (थरागणिक कलण्याची दिशा थोडी थोडी फिरत जाणे) मोडला आणि मायक्रोसेकंदांत उघडझाप करणारा प्रकाशदर्शक करून दाखवला.

साखळी लांब केली तर गुण सुधारतात की बिघडतात?

कोणती साखळी ते आधी ठरवा. नेहमीच्या रेणूत मधे कडक सुगंधी गाभा असतो. त्याच्या एका टोकाला साधी अल्किल किंवा अल्कॉक्सी साखळी असते आणि दुसऱ्या टोकाला किरल साखळी. किरल बाजूला पुन्हा दोन वेगळ्या लांब्या असतात. एक म्हणजे गाभ्यापासून किरल कार्बनपर्यंतचे अंतर, दुसरी म्हणजे किरल कार्बनच्या पलीकडची शेपटी. या तीन लांब्यांचे परिणाम तीन तऱ्हेचे, कधी एकमेकांच्या उलटही असतात. ‘साखळी वाढवल्यावर ध्रुवण कमी झाले’ एवढीच नोंद वहीत असेल तर तिचा पुढे काही उपयोग होत नाही.

साध्या टोकाची साखळी वाढवली की अवस्थांवर काय परिणाम होतो?

आखूड साखळीला नेमॅटिक अवस्था (रेणू एका दिशेला, पण थर नाहीत) मानवते, लांब साखळीला थर. कारण सोपे आहे. सुगंधी गाभा आणि मेणासारखी अल्किल साखळी एकमेकांत रमत नाहीत. साखळी पुरेशी लांब झाली की गाभे गाभ्यांजवळ आणि साखळ्या साखळ्यांजवळ जमतात, आणि थर पडतात.

सायनोबायफिनाइल (सीबी) मालिकेत हे स्वच्छ दिसते; नावातला आकडा म्हणजे साखळीतले कार्बन. ५सीबी सुमारे २४ ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये फक्त नेमॅटिक आहे. ८सीबीमध्ये सुमारे ३३.५ अंशांपर्यंत स्मेक्टिक-ए (थर आहेत, पण रेणू कललेले नाहीत) असते आणि त्यावर ४०.५ पर्यंत नेमॅटिक. १०सीबीपर्यंत गेलात की नेमॅटिक नाहीशी होते आणि स्मेक्टिक-ए थेट साध्या द्रवात वितळते.

आपल्या कामाला अधिक जवळची मालिका म्हणजे ४-अल्कॉक्सीबेंझोइक आम्ले. तीन ते सहा कार्बनना ती फक्त नेमॅटिक दाखवतात. सातव्या कार्बनला स्मेक्टिक-सी उगवते, साधारण ९२ ते ९८ अंश अशी अरुंद. आठ कार्बनला ती १०१ ते १०८ असते. बारा कार्बनला सुमारे ९५ ते १२९ अशी ऐसपैस होते आणि तिच्यावरची नेमॅटिक १३७ पर्यंतच उरते.

याचा अर्थ ‘जितकी लांब तितकी चांगली’ असा नाही. चौदा-सोळा कार्बननंतर साखळ्या आपापसांत मेणासारख्या रचल्या जाऊ लागतात. वितळणबिंदू वर सरकतो आणि बऱ्याच संयुगांत खालून स्मेक्टिक-आय* सारख्या जास्त शिस्तीच्या, घट्ट अवस्था स्मेक्टिक-सी* ची जागा खातात. बहुतेक गाभ्यांसाठी आठ ते बारा कार्बन हा पट्टा उगाच रूढ झालेला नाही.

दोन्ही टोकांच्या साखळ्या सारख्याच लांबीच्या हव्यात का?

अगदी सारख्या नकोत, पण फार विषमही नकोत. एक बाजू लांब आणि दुसरी अगदी आखूड असेल तर तोल साधारणपणे स्मेक्टिक-ए कडे जातो. दोन्ही बाजूंना मध्यम ते लांब साखळी असेल तर कललेली अवस्था टिकते. फिनाइलपिरिमिडीन यजमानांत (मिश्रणातल्या मुख्य, अकिरल घटकांत) हे वारंवार पाहायला मिळते.

सम-विषम परिणाम म्हणजे काय? माझे आकडे वरखाली होत आहेत, चूक माझी आहे का?

बहुधा नाही. साखळी ताणलेली असताना कार्बन नागमोडी बसतात. त्यामुळे शेवटचा बंध एका कार्बनला रेणूच्या अक्षाच्या दिशेने पडतो आणि पुढच्या कार्बनला तिरका. अक्षाच्या दिशेने पडला की रेणू लांबट राहतो आणि निर्मलन तापमान (द्रवस्फटिक साध्या द्रवात वितळण्याचे) वाढते. ५सीबी, ६सीबी, ७सीबी, ८सीबी यांची ही तापमाने सुमारे ३५, २९, ४२, ४०.५ अशी आहेत, म्हणजे विषम कार्बनवाले वर. त्याच गाभ्याला ऑक्सिजन जोडून अल्कॉक्सी केले की ५, ६, ७, ८ कार्बनना सुमारे ६८, ७६, ७४, ८० मिळतात. आता सम कार्बनवाले वर आले, कारण साखळीच्या नागमोडीत ऑक्सिजनही एक अणू म्हणून मोजला जातो. अल्किल मालिकेशी अल्कॉक्सी मालिकेची तुलना करताना हा एक अणू विसरला की सगळा अर्थ उलटा लागतो.

साखळी वाढत जाते तशी ही हेलकावणी मावळते, कारण लांब साखळीचे टोक वाकायला मोकळे असते. म्हणून मालिकेचे आलेख काढताना सम आणि विषम बिंदूंमधून दोन वेगळ्या रेषा काढा. सगळ्यांतून एकच रेषा ओढू नका.

वितळणबिंदूचाही असा अंदाज बांधता येतो का?

नाही. वितळणबिंदू स्फटिकातल्या रचणीवर ठरतो आणि तो मालिकेत मनाला येईल तसा उड्या मारतो. खोलीच्या तापमानाला चालणारा पदार्थ एकट्या संयुगातून क्वचितच मिळतो. त्यासाठी मिश्रणच करावे लागते.

साध्या टोकाची साखळी वाढवली की उत्स्फूर्त ध्रुवण का घटते?

पहिले कारण निव्वळ पातळ होण्याचे. ध्रुवण म्हणजे एकक आकारमानातला द्विध्रुव. किरल भाग तोच आणि साखळी मात्र मोठी, तर तोच द्विध्रुव जास्त जागेत पसरतो. आकडे घालून पाहू. डीओबीएएमबीसीमध्ये डेसिलॉक्सी साखळी आहे आणि रेणुभार सुमारे ४७८. तिथे हेक्झिलॉक्सी बसवली तर तो सुमारे ४२२ होतो. घनता आणि झुकावकोन (रेणू थराच्या लंबापासून किती कलला तो) सारखे धरले तर सहावरून दहा कार्बनवर जाताना ध्रुवण साधारण १२ टक्के घसरले पाहिजे. एवढीच घसरण दिसली तर त्यात नवे काही घडलेले नाही. तिला ‘साखळीचा विशेष परिणाम’ म्हणू नये.

दुसरे कारण कोनाचे आहे. साखळीबरोबर झुकावकोन बदलतो आणि त्याच्यामागे ध्रुवणही बदलते. म्हणून नुसते ध्रुवण छापण्यापेक्षा ध्रुवण भागिले झुकावकोनाचा साइन हे गुणोत्तर द्या. रेणूची स्वतःची कुवत त्यात दिसते.

गाभा आणि किरल कार्बन यांतले अंतर वाढवले तर?

ध्रुवणावर सर्वांत मोठा परिणाम याच लांबीचा होतो. किरल कार्बन गाभ्याला लागून असला की त्याच्या शेजारचा कार्बोनिलचा द्विध्रुव मोकळेपणी गरगर फिरू शकत नाही आणि एका बाजूला जास्त वेळ राहतो. मधे मेथिलीन घातले की ही पकड सुटते. डीओबीएएमबीसीमध्ये २-मेथिलब्युटिल गट आहे आणि ध्रुवण प्रति चौरस सेंटिमीटर ३-४ नॅनोकूलॉमच्या आसपास. किरल कार्बन थेट एस्टरच्या ऑक्सिजनला जोडलेल्या १-मेथिलहेप्टिल संयुगांत ते काही दहा नॅनोकूलॉमपर्यंत जाते.

शिवाय अंतर एका अणूने बदलले की ध्रुवणाचे चिन्ह आणि पेचाची दिशा सहसा उलटते. दोन किरल संयुगे मिसळताना हे पाहिले नाही तर दोघांची ध्रुवणे एकमेकांना खाऊन टाकतात. उलट मुद्दाम असे जोडीदार घेतले की ध्रुवण ठेवून पेच जवळजवळ सोडवता येतो. चांगली मिश्रणे याच युक्तीवर उभी असतात.

किरल कार्बनच्या पलीकडची शेपटी?

ती लांब केली की किरल केंद्राची फिरकी आणखी अडते, त्यामुळे ध्रुवण सहसा वाढते. पण लांब १-मेथिलअल्किल शेपटीबरोबर शेजारचे थर उलटसुलट कलण्याची शक्यताही वाढते, म्हणजे प्रतिफेरोइलेक्ट्रिक अवस्था येते. एमएचपीओबीसी हे संयुग त्याचे गाजलेले उदाहरण आहे. १९८९ मध्ये जपानमध्ये चांदणी, ताकेझोए, फुकुदा आणि सहकाऱ्यांनी त्यात ही अवस्था ओळखली. त्यात सुमारे ११८ अंशांखाली प्रतिफेरोइलेक्ट्रिक आणि १२२ ते १४८ दरम्यान स्मेक्टिक-ए आहे. मधल्या चार अंशांत तीन अवस्था दाटीवाटीने बसल्या आहेत. किरल शुद्धता थोडी ढळली तरी त्या मधल्या अवस्था पुसल्या जातात.

झुकावकोन किती हवा?

पृष्ठस्थिर (अरुंद फटीत काचेच्या पृष्ठभागांनी पेच मोडलेल्या) प्रकाशदर्शकासाठी २२.५ अंश. क्षेत्राची दिशा उलटली की रेणू दुप्पट कोनातून फिरतो, म्हणजे ४५ अंशांतून, आणि काटकोनी ध्रुवकांमध्ये प्रकाश पूर्ण उघडतो. कोनाबरोबर पोकळीची, म्हणजे दोन काचांमधल्या फटीची, जाडीही जुळली पाहिजे. द्विअपवर्तन ०.१४ असेल तर दोन मायक्रॉन जाडीत ०.२८ मायक्रॉनचा पथफरक पडतो आणि ५६० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी ती बरोबर अर्धतरंग पट्टी होते. लांब साखळी द्विअपवर्तन थोडे उतरवते, कारण सुगंधी भागाचा वाटा घटतो. म्हणून मालिका बदलली की जाडी पुन्हा काढावी.

थंड करताना वाकड्यातिकड्या विजेसारख्या रेषा दिसतात. का?

स्मेक्टिक-ए मधून स्मेक्टिक-सी* मध्ये जाताना रेणू कलतात आणि थर बारीक होतात. २२.५ अंशांना थराची जाडी सुमारे ७.६ टक्के घटते. काचेजवळचे थर मात्र जुन्या अंतरावर अडकून बसतात, म्हणून मधे थर मोडून छपराच्या वाशांसारखे दोन उतार करतात. एका भागातले उतार एका दिशेला आणि शेजारच्या भागातले दुसऱ्या दिशेला असले की त्यांच्या सीमेवर या रेषा उमटतात.

साधी साखळी कितीही लांबवली तरी हे टळत नाही. साखळीच्या टोकाला सिलॉक्सेन किंवा फ्लोरिनयुक्त तुकडा लावला तर तो वेगळा उपथर करून थरांना आधार देतो. अशा काही पदार्थांत थर एक टक्क्याच्या आसपासच आक्रसतात. त्यांना डी व्ह्रीज प्रकारचे पदार्थ म्हणतात.

लांब साखळीमुळे उघडझाप मंदावते का?

बहुतेक वेळा हो. प्रतिसादकाळ अंदाजे घूर्णी श्यानता (रेणूच्या फिरण्याला होणारा विरोध) भागिले (ध्रुवण गुणिले क्षेत्र) इतका असतो. ध्रुवण २० नॅनोकूलॉम प्रति चौरस सेंटिमीटर, क्षेत्र ५ व्होल्ट प्रति मायक्रॉन आणि श्यानता ०.०५ पास्कल-सेकंद धरा. २० नॅनोकूलॉम म्हणजे ०.०००२ कूलॉम प्रति चौरस मीटर, त्याला ५० लाख व्होल्ट प्रति मीटरने गुणले की १००० येतात. काळ निघतो ५० मायक्रोसेकंद. लांब साखळी श्यानता वाढवते आणि ध्रुवण उतरवते, दोन्ही बाजूंनी तोटाच.

दोन संयुगांची तुलना कोणत्या तापमानाला करावी?

या पानावरचा एकच मुद्दा लक्षात ठेवायचा असेल तर तो हा. तुलना एकाच तापमानाला करू नका, संक्रमण तापमानापासून सारख्या अंतरावर करा, उदाहरणार्थ १० अंश खाली. ध्रुवण आणि झुकावकोन दोन्ही स्मेक्टिक-ए ते सी* या संक्रमणापाशी शून्यातून वर चढतात. समजा आठ कार्बनच्या संयुगाचे संक्रमण ८५ अंशांना आहे आणि दहा कार्बनच्या संयुगाचे ९५ ला. दोन्ही ८० ला मोजली तर पहिले ५ अंश खाली आहे आणि दुसरे १५. लांब साखळीने ध्रुवण वाढवले असा निष्कर्ष निघेल आणि तो चुकीचा असेल. श्यानता मात्र प्रत्यक्ष तापमानावर फार अवलंबून असते, म्हणून ती दोन्ही पद्धतींनी नोंदवा.

हे संक्रमण डीएससीत (तापवताना नमुन्यात शिरणारी उष्णता मोजणाऱ्या उपकरणात) बऱ्याचदा दिसतच नाही, तळरेषेला बारीक पायरी पडते इतकेच. ३ ते ५ मिलिग्रॅम नमुना घेऊन मिनिटाला ५ अंश अशा वेगाने तापवा, आणि तापमान नक्की करण्यासाठी ध्रुवकाच्या सूक्ष्मदर्शीवर मिनिटाला एक अंश किंवा कमी वेगाने पाहा.

४-अल्कॉक्सीबेंझोइक मालिकेतले आम्ल बनवायची भरवशाची कृती आहे का?

आठ कार्बनच्या आम्लासाठी मेथिल ४-हायड्रॉक्सीबेंझोएट १.५२ ग्रॅम (१० मिलिमोल), १-ब्रोमोऑक्टेन २.१२ ग्रॅम (११ मिलिमोल), निर्जल पोटॅशियम कार्बोनेट ३.५ ग्रॅम आणि चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड ४० मिलि ब्युटॅनोनमध्ये रात्रभर रिफ्लक्स करा. गाळा, द्रावक उडवा. मग २ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड ४० मिलि इथेनॉल आणि थोड्या पाण्यात घालून दोन-तीन तास रिफ्लक्स करा आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू २ पर्यंत आणा. इथेनॉलमधून पुनःस्फटिकीकरण करा. १०१, १०८ आणि १४७ या तीन संक्रमणांच्या आसपास आलात म्हणजे पदार्थ बरोबर आहे.

साखळी चौदा-सोळा कार्बनची असेल तर इथेच अडचण येते. तिचे पोटॅशियम लवण म्हणजे चक्क साबण. फेस येतो, गार होताच ते घट्ट गोळा होते, आणि आम्ल ओतल्यावर गोळ्याच्या आत लवण तसेच अडकून राहते. पाणी वाढवा, मिश्रण गरम ठेवा आणि ढवळत ढवळत हळूहळू आम्ल घाला.

उरलेला ब्रोमाइड हा दुसरा घातक पाहुणा. ब्रोमोहेक्झेन १५५ अंशांच्या आसपास उकळते आणि निर्वातात निघून जाते. ब्रोमोडेकेन सुमारे २३८ ला उकळते, त्यापुढचे तर रोटरी बाष्पकाला दादच देत नाहीत. पातळ थराच्या पट्टीवर अतिनील दिव्याखाली ते दिसतही नाहीत. आम्ल मोकळे करण्यापूर्वी लवण पेट्रोलियम ईथरने धुऊन घ्या आणि एनएमआरमध्ये ३.४ पीपीएमजवळची त्रिरेषा गेल्याची खात्री करा. ऑक्सिजनशेजारच्या मेथिलीनची ४.० जवळची त्रिरेषा मात्र हवीच. मेणचट अशुद्धी राहिली की निर्मलन तापमान उतरते आणि सगळे खापर साखळीच्या लांबीवर फुटते.

किरल अल्कोहोल कुठून येते आणि त्यात काय पाहावे?

(एस)-२-मेथिलब्युटॅनॉल किण्वनातून मिळते. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीत, आपल्या साखर कारखान्यांना जोडलेल्या डिस्टिलऱ्यांतही, जे फ्युजेल तेल उरते त्यात ते आयसोअमाइल अल्कोहोलबरोबर असते. दोघांचे उत्कलनबिंदू सुमारे १२८ आणि १३१ अंश, म्हणून साध्या ऊर्ध्वपातनाने ते सुटे होत नाहीत. आयसोअमाइल किरल नाही. ते मिसळलेले राहिले की ध्रुवण गुपचूप उतरते. शुद्ध पदार्थाचे विशिष्ट वलन जेमतेम उणे सहाच्या आसपास असल्याने पोलॅरिमीटरवर फार विसंबू नका, किरल स्तंभावर गॅस क्रोमॅटोग्राफी करून घ्या.

२-ऑक्टॅनॉल फिनॉलला मित्सुनोबू अभिक्रियेने जोडत असाल तर किरल केंद्र उलटते, (एस) घातले की त्याचे आरशातले रूप (आर) मिळते. आम्लाशी डीसीसी आणि डीएमएपी या जोडणाऱ्या अभिकारकांनी एस्टर केले तर उलटत नाही. चिन्हांच्या निम्म्या भानगडी इथूनच सुरू होतात.

लांब साखळीच्या पदार्थाची मांडणी पोकळीत नीट बसत नाही. काय करावे?

नेमॅटिक अवस्था गेल्याचा हा भुर्दंड आहे. आखूड साखळीत रेणू आधी नेमॅटिकमध्ये घासलेल्या पॉलिइमाइडच्या दिशेने लागतात आणि मग थर पडतात. नेमॅटिक नसेल तर द्रवातून थेट स्मेक्टिक-ए ची काठ्यांसारखी बेटे उगवतात आणि वाटेल त्या दिशेने वाढतात. निर्मलन तापमानाच्या ५ अंश वर केशाकर्षणाने भरा, संक्रमणाच्या आसपास मिनिटाला ०.१ अंश इतक्या सावकाश थंड करा आणि थंड करताना कमी वारंवारितेचे प्रत्यावर्ती क्षेत्र द्या. तरीही जमले नाही तर नेमॅटिक देणाऱ्या यजमानात मिसळून मोजा. एकदा बसलेली मांडणी बोटाने दाबूही नका. थर मोडले तर पुन्हा तापवण्यावाचून इलाज नाही.

ध्रुवण मोजताना आकडा खरा आहे हे कसे कळते?

त्रिकोणी तरंग द्या आणि पोकळीशी एकसरीत १० किलोओहमचा रोध लावून त्यावरचा विद्युतदाब पाहा. उलटण्याच्या प्रवाहाचा उंचवटा येतो, त्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे ध्रुवणाच्या दुप्पट गुणिले इलेक्ट्रोडचे क्षेत्र. २० नॅनोकूलॉमचा पदार्थ आणि ०.२५ चौरस सेंटिमीटर इलेक्ट्रोड असेल तर १० नॅनोकूलॉम प्रभार वाहतो. तो एका मिलिसेकंदात वाहिला तर सरासरी १० मायक्रोअँपिअर, म्हणजे रोधावर ०.१ व्होल्ट. ऑसिलोस्कोपवर याच्या दहापट दिसले तर आयन किंवा गळती आहे. वारंवारिता वाढवा. आयनांचा उंचवटा सरकतो आणि दबतो, ध्रुवणाचे क्षेत्रफळ बदलत नाही. विद्युतदाब वाढवल्यावरही क्षेत्रफळ वाढतच असेल तर अजून सगळा भाग उलटलेला नाही.

खोलीच्या तापमानाचे मिश्रण करताना साखळ्या कशा निवडाव्यात?

एकाच गाभ्याच्या, पण तीन-चार कार्बनांनी वेगळ्या साखळ्या घ्या. रचणी जुळत नाही म्हणून वितळणबिंदू उतरतो आणि स्मेक्टिक-सी टिकते. अकिरल यजमानात किरल संयुग ५ ते २० टक्के पुरते. श्यानता यजमान सांभाळतो आणि ध्रुवण किरल पाहुणा. लांबी आणि ध्रुवण एकाच रेणूकडून मागण्यापेक्षा ही विभागणी फार सोयीची आहे.

फेरोइलेक्ट्रिक नेमॅटिकला हेच नियम लागू होतात का?

नाही, तिथे जवळजवळ उलटे आहे. आरएम७३४ हे संयुग सुमारे १३३ अंशांखाली ही अवस्था दाखवते आणि त्याचे ध्रुवण ६ मायक्रोकूलॉम प्रति चौरस सेंटिमीटरच्या घरात आहे. स्मेक्टिक-सी* मध्ये आपण नॅनोकूलॉम मोजतो. तिथे ध्रुवण रेणूच्या लांबीच्या दिशेने असते आणि त्याला किरलतेची गरज नसते. टोकांना मेथॉक्सीसारखे अगदी आखूड गट हवेत. साखळी लांब करत गेलात की ही अवस्था झपाट्याने खाली सरकते आणि हरवते. स्मेक्टिकची दहा कार्बनची सवय घेऊन या रेणूंकडे गेलात तर पहिल्याच संयुगात हाती साधी नेमॅटिक उरण्याची शक्यता जास्त.